‘ते बघ’ म्हणणारं बोट

वर्षाच्या आसपास केव्हातरी मूल पहिल्यांदा बोट दाखवतं. त्याआधी हात नुसताच पुढे येत असतो, पंजाची उघडझाप होत असते. मग एक दिवस बाकीची बोटं मिटतात आणि एकच सरळ राहतं. खिडकीवरचा कावळा, फिरणारा पंखा, आजोबांचा चष्मा, त्या बोटाला काहीही चालतं. आपल्याला वाटतं, त्याला ते हवंय. कधीकधी हवं असतंच. पण नीट बघितलं तर बोट कावळ्याकडे असतं आणि मान आपल्याकडे वळलेली असते. कावळा त्याला नकोच असतो. आपण कावळा बघितला की नाही, एवढंच त्याला बघायचं असतं. ‘हो रे, काऊ आला! काव काव करतोय,’ असं आपण म्हटलं की ते समाधानाने पुन्हा कावळ्याकडे वळतं.

एक शब्दही न येणाऱ्या माणसाने इथे विषय काढलेला असतो आणि समोरच्याने तो पुढे नेलेला असतो. बालविकासाचा अभ्यास करणारे मागणारं बोट आणि दाखवणारं बोट असा फरक करतात, आणि दुसऱ्याला फार मोल देतात. ‘काऊ’ हा शब्द मुलाच्या डोक्यात बसतो तो अशाच वेळी, दोघांची नजर एका गोष्टीवर असताना. वाक्यं, गोष्टी, पुढे शाळेत विचारायचे प्रश्न, सगळं या बोटाच्या मागून येतं. लहान मुलं आणि स्क्रीन या विषयावर मला जे म्हणायचंय ते या बोटाबद्दलच आहे. मोबाईलमधून काही विषारी किरण मेंदूत शिरतात अशी भीती पुष्कळ पालकांच्या मनात असते. ती मला नाही. मोबाईल चालू असतो तेवढ्या वेळात जे घडायचं राहून जातं, त्याची मला काळजी वाटते.

मी सांगलीत खेळगट चालवते. दोन ते चार वर्षांची मुलं येतात. रडणं, चावणं, ढकलणं, आईची ओढणी न सोडणं हे पूर्वी होतं तितकंच आताही आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. ते त्या वयाचंच आहे. पण अलीकडच्या मुलांमध्ये दाखवणारं बोट कमी दिसतं, आणि हे मात्र मनाला लागतं.

एक मुलगा होता. अडीच वर्षं पूर्ण झालेला, गुटगुटीत, हसरा. आईने पहिल्याच दिवशी कौतुकाने सांगितलं, याला सगळी एबीसीडी येते, रंग येतात, वन टू ट्वेंटी येतं. आणि खरंच येत होतं. ठोकळ्यांची टोपली समोर आली की ‘रेड, ब्लू, यलो, पर्पल’ हे तो एका ठरावीक हेलात म्हणायचा. तो हेल कुठल्या व्हिडिओतला आहे हे इतर मुलांनाही ठाऊक होतं, कारण तीही त्याच हेलात साथ द्यायची. पण तहान लागली की हाच मुलगा माझं मनगट धरायचा, मला बाटल्यांच्या रांगेपर्यंत ओढत न्यायचा आणि माझा हात उचलून त्याच्या बाटलीवर ठेवायचा. माझ्या तोंडाकडे बघायचा नाही. ‘पाणी’ नाही, ‘मम्मम’ नाही, बोटही नाही. जांभळ्या रंगाचं इंग्रजी नाव माहीत असलेल्या मुलाला पाणी मागता येत नव्हतं.

एक मुलगी होती, घर पूर्ण मराठी, आणि ही बोलायची कार्टूनमधलं हिंदी. ‘अरे नहीं, ये क्या हो गया!’ वाक्य पूर्ण, उच्चार स्वच्छ. ठोकळा पडला तरी तेच वाक्य आणि खाऊचा डबा उघडला तरी तेच. हिंदीला माझा काडीचाही आक्षेप नाही. आमच्या भागात घरात कानडी, गल्लीत मराठी आणि बाजारात हिंदी ऐकत वाढणारी मुलं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि ती तिन्ही भाषा गोंधळ न करता शिकतात. पण त्या भाषा कुणीतरी त्यांच्याशी बोललेल्या असतात. आजी कानडीत रागावते, भाजीवाला मराठीत गाल ओढतो. या मुलीशी ते हिंदी कुणीच बोललेलं नव्हतं.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठात, पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. मी तो पालकसभेत दरवर्षी सांगते, कारण इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. त्यांच्या कानावर चिनी भाषा, म्हणजे मँडरिन, कधीच पडलेली नव्हती. काही बाळांसमोर मँडरिन बोलणारी माणसं जमिनीवर बसून खेळणी दाखवायची, पुस्तकं वाचायची, त्यांच्याकडे बघून बोलायची. साधारण महिनाभरात अशी १२ सत्रं झाली. मग मँडरिनमधले दोन जवळजवळ सारखे ध्वनी या बाळांना वेगळे ओळखता येतात का हे तपासलं. ते त्यांना येत होतं, आणि तैवानमध्ये मँडरिन ऐकत वाढलेल्या बाळांच्या बरोबरीने येत होतं.

दुसऱ्या बाळांना त्याच माणसांची, तीच पुस्तकं आणि तीच खेळणी असलेली चित्रफीत दाखवली. सत्रं तितकीच, वेळ तेवढाच. आवाज स्पष्ट, चेहरा मोठा. या बाळांना काहीही आलं नाही. ज्यांनी मँडरिन कधी ऐकलंच नव्हतं त्यांच्यात आणि यांच्यात फरक पडला नाही. टीव्हीसमोर बसलेलं बाळ अगदी टक लावून बघत असतं, म्हणून आपल्याला वाटतं की ते शिकतंय. या बाळांनीही बघितलंच होतं.

समोरच्या माणसात असं काय असतं? माझ्या समजुतीप्रमाणे, ते माणूस थांबतं. तुम्ही सहा महिन्यांच्या बाळाशी बोलता तेव्हा स्वतःच्याही नकळत काय करता बघा: ‘काय रे, झोप झाली का?’ म्हणता आणि गप्प बसता. त्याने पाय झाडले किंवा ‘अं’ केलं की ‘हो का? झाली?’ म्हणता. त्या ‘अं’ला तुम्ही उत्तर मानलेलं असतं. तळहातावर मोर बसवायचा, बाळाच्या बोटांनी त्याला चारा घालायचा आणि शेवटी भुर्र करून हात उडवायचा, हा आपल्याकडचा खेळ घ्या. चौथ्या-पाचव्या वेळी आपण ‘भुर्र’च्या आधी मुद्दाम थांबतो. बाळ श्वास रोखून आपल्या तोंडाकडे बघतं, आणि आपण फारच वेळ लावला तर स्वतःच हात उडवतं. त्या थांबण्यात बाळाची पाळी असते. मोबाईलमधलं गाणं त्याच्यासाठी थांबत नाही. काही कार्यक्रमांत पात्र प्रश्न विचारून क्षणभर गप्प राहतं, पण मुलाने काहीही उत्तर दिलं किंवा दिलंच नाही, तरी पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘शाब्बास!’

आपल्या चेहऱ्याची त्या मुलाला किती गरज असते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग तिला सांगितलं जातं की आता दोन-तीन मिनिटं चेहरा पूर्ण निर्विकार ठेवा. बाळ आधी हसून बघतं. मग हात पुढे करतं, आवाज काढतं, थोडं मोठं असेल तर बोट दाखवतं. एवढ्या सगळ्या युक्त्या करूनही आईचा चेहरा हलत नाही असं दिसल्यावर ते अंग टाकतं, तोंड फिरवतं, रडतं. या प्रयोगाचं चित्रण बघताना पालकसभेत कुणी ना कुणी डोळे पुसतं. मोबाईल स्क्रोल करत असताना आपला चेहरा काही वेगळा नसतो.

आता जेवणाबद्दल. ‘ताई, मोबाईल लावल्याशिवाय घासच घेत नाही बघा,’ हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता पालक बोलायला लागले की पुढचं मला कळतं. तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला असतो. समोर मूल, डोळे काचेवर, पापणीही लवत नाही. मऊ वरणभाताचा घास ओठाला लागला की तोंड आपोआप उघडतं, दोनदा चावल्यासारखं करतं आणि गिळतं. वाटी रिकामी होते आणि आई सुटकेचा श्वास टाकते. तिचंही खरंच आहे. दिवसभरात मूल पोटभर जेवलं ही एवढी एकच गोष्ट तिच्या मनासारखी झालेली असते, आणि मूल बारीक दिसलं तर सगळं गाव तिलाच विचारणार असतं.

पण त्या जेवणात काय काय झालं नाही, हे मोजलं पाहिजे. पोट भरलं की मूल मान फिरवतं, ओठ घट्ट मिटतं, हाताने चमचा लोटतं. त्याच्या आयुष्यातला तो पहिला ठाम नकार. तो आपण ऐकला तर ‘पुरे’ आणि ‘अजून’ या दोन गोष्टी त्याच्या त्यालाच कळायला लागतात. मोबाईल असला की भूक आणि तृप्ती दोन्ही त्याच्या लक्षातच येत नाहीत. पोट भरल्यावरही घास जात राहतात. वरण गरम आहे, लिंबू आंबट आहे, तूप बोटाला चिकटतं, दाण्याची चटणी जिभेला झोंबते, हे सगळे शब्द जेवताना येतात आणि त्याच वेळी हातातोंडाला लागतात. ताटात हात घालून भात कालवणं, त्यातला निम्मा सांडणं हे बोटांचं शिक्षण आहे. दोन बोटांच्या चिमटीत शेंगदाणा पकडता येत नाही अशी मुलं पुढे बटण आणि पेन्सिल दोन्हींशी झगडतात. (शेंगदाणा हातात देऊन बघायचं असेल तर फक्त नजरेसमोर आणि फक्त उचलायला. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा दाणा खायला देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो.)

कुणी म्हणेल, चिऊकाऊचा घास म्हणजे तरी काय होतं? तेही लक्ष दुसरीकडे वळवून भरवणंच की. हा प्रश्न मला एका आजोबांनी विचारला आणि तो योग्य आहे. पण चिऊकाऊच्या घासात मूल आणि भरवणारी दोघंही बाहेर बघत असतात. कावळा खरोखर कठड्यावर येतो किंवा येत नाही. ‘कुठे गेला काऊ?’ म्हटल्यावर मूल शोधतं, बोट दाखवतं, हाक मारतं. एका घासाला पाच वाक्यं खर्च होतात. तिथे भरवणारं माणूस मुलाच्या समोर असतं. मोबाईलच्या जेवणात ते फक्त चमच्याच्या मागे असतं.

वाक्यं खरोखर कमी होतात, हे ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने मोजलं. मेरी ब्रश आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. २२० कुटुंबांतली मुलं, वय एक ते तीन. दर सहा महिन्यांनी एक दिवस मुलाच्या अंगावरच्या कपड्यात छोटं ध्वनिमुद्रक यंत्र ठेवायचं, घरातलं सगळं बोलणं आणि स्क्रीनचा आवाज टिपायचा. तीन वर्षांच्या वयाला असं दिसलं की स्क्रीनच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांचे ६ ते ७ शब्द कमी, मुलाचे स्वतःचे उद्गार ५ च्या आसपास कमी आणि बोलण्याची एक देवाणघेवाण कमी. मिनिटाला एक म्हटलं तर काहीच नाही. पण त्या मुलांचा त्या वयातला सरासरी स्क्रीनवेळ पावणेतीन तासांवर होता. त्या हिशेबाने दिवसाला हजाराहून जास्त शब्द आणि दोनशेच्या जवळपास देवाणघेवाणी हुकतात.

जपानमध्ये सात हजारांवर मुलांच्या अभ्यासात, २०२३ साली, असं आढळलं की एक वर्षाचं असताना जी मुलं जास्त वेळ स्क्रीन बघत होती ती दोन आणि चार वर्षांची झाल्यावर संवादात आणि छोटे प्रश्न सोडवण्यात मागे असण्याची शक्यता जास्त होती. कॅनडात कॅल्गरीला २४४१ मुलांच्या पाहणीतही, २०१९ साली, याच दिशेचा निष्कर्ष निघाला. हे अभ्यास वाचताना एक भान ठेवावं लागतं. ज्या घरात आई आजारी आहे, पैशांची ओढाताण आहे, दुसरं माणूस नाही, त्याच घरात मोबाईल जास्त लागतो. मग मुलाच्या मागे पडण्याला मोबाईल किती आणि बाकीची परिस्थिती किती हे वेगळं काढणं अवघड असतं. मोठ्या संख्येत दिसणारा हा परिणाम सरासरीने लहानच आहे, आणि टीव्ही बघत वाढलेली बहुतेक मुलं छान बोलायला लागतात हेही तितकंच खरं. म्हणून ‘मोबाईलने मेंदू सडतो’ असे संदेश पुढे पाठवणाऱ्यांशी मी वाद घालते. ते आईला घाबरवतात आणि तिच्या हाती काहीच देत नाहीत.

नियम विचाराल तर ते साधे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं, की वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही बसून बघणं नको, दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं तेच: दोन वर्षांच्या आत नाही, फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. स्वीडननेही २०२४ मध्ये हीच शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कागदात झोप आणि हालचालही आहे, आणि तिकडे कुणी बघत नाही: एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप आणि किमान तीन तास हिंडणं-फिरणं हवं. एवढं दिलं तर मोबाईलला दिवसात जागा उरतच नाही.

व्हिडिओ कॉलची सवलत मला फार पटते. आमच्या खेळगटातल्या कितीतरी मुलांचे काका-मावशी बाहेरदेशी आहेत, आणि उलट, कितीतरी आजी-आजोबा नातवंडांशी फक्त फोनवर खेळतात. रॉझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ या अमेरिकी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसाकडून नवे शब्द शिकतात, आधी चित्रित केलेल्या माणसाकडून मात्र शिकत नाहीत. काच तीच आहे. पण कॉलवरची आजी मुलाचं ऐकते, त्याने भोवरा कॅमेऱ्याला चिकटवला की ‘अगंबाई, केवढा मोठा!’ म्हणते. मुलाजवळ बसलेल्या माणसाने थोडी मदत केली तर अर्धा तास मजेत जातो. आजींना माझं एकच सांगणं असतं: ‘ओळख बघू मी कोण, गाणं म्हणून दाखव’ अशी परीक्षा घेऊ नका. तुमच्या हातात भाजी असेल तर ती निवडत बोला, त्याला दाखवा.

मुलाच्या स्क्रीनबद्दल बोलताना मोठ्यांची स्क्रीन आपण सोयीने विसरतो. संध्याकाळी सातनंतर घरोघरी मालिका चालू होतात. मूल खाली फरशीवर गाड्या खेळत असतं, ‘ते कुठे बघतंय!’ असं आपण म्हणतो. मॅसॅच्युसेट्समध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन मागे मोठ्यांचा कार्यक्रम नुसता चालू ठेवला, तेव्हा मुलांनी टीव्हीकडे बघितलं अगदी थोडंसं, पण त्यांचं खेळणं तुकड्यातुकड्यांत झालं, एका खेळण्यावर ती कमी वेळ टिकली. हे २००८ सालचं. २०१७ मध्ये आयांना दोन वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकवायला सांगितले आणि एक शब्द शिकवताना मधेच त्यांना फोन केला. फोनने तोडलेला शब्द मुलांना आला नाही, जरी आईने तो दोन्ही वेळी सारख्याच वेळा उच्चारला होता. फोन आला की आपण म्हणतो, ‘एक मिनिट हं राजा.’ राजा त्या मिनिटापूर्वी जिथे होता तिथे परत येत नाही.

म्हणून आमच्याच जिल्ह्यातल्या, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं मला अप्रूप वाटतं. २०२२ साली या गावाने ठरवलं आणि संध्याकाळी सातला गावातल्या देवळावरून भोंगा वाजायला लागला. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. सुरुवात शाळेतल्या मुलांच्या अभ्यासासाठी झाली होती. करोनाच्या काळात हातात आलेला मोबाईल सुटत नव्हता. पण भोंगा सगळ्यांसाठी होता. मुलाला ‘ठेव तो मोबाईल’ म्हणणाऱ्या बापालाही आपला ठेवावा लागत होता. पाळण्यातल्या आणि रांगणाऱ्या मुलांचा त्या ठरावात कुठेही विचार नसेल, पण त्यांच्या वाट्याला रोज दीड तास मोकळे चेहरे आले, असं मला वाटतं.

शहरातल्या फ्लॅटला भोंगा नाही. आणि इथे सगळा दोष आईच्या माथी मारायची जी पद्धत पडली आहे, तिचा मला मनापासून राग येतो. नवरा-बायको दोघं नोकरीला, दोन खोल्या, खाली खेळायला जागा नाही कारण तिथे गाड्या लावलेल्या, सासू-सासरे गावी. सहा वाजता दमून आलेल्या बाईला कुकर लावायचा असतो आणि पायाशी दोन वर्षांचं मूल असतं. तिने मोबाईल दिला म्हणून तिला बोलणारा माणूस त्या वेळी स्वतः सोफ्यावर मोबाईलच बघत असतो. माझ्या पालकसभेला वडील आले नाहीत तर मी ती पुढे ढकलते.

काही घरांत हा विषय त्याहून गंभीर असतो. मूल दीड वर्षाचं झालं तरी नावाला वळून बघत नाही, बोट दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी ‘आई दे’, ‘बाबा भूर’ अशी दोन शब्दांची जोडी येत नाही, तेव्हा ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला’ म्हणत थांबू नका. पहिली तपासणी कानांची. थोडं कमी ऐकू येणारं मूल कार्टून मजेत बघतं, त्यामुळे घरात संशयही येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, आणि जिल्हा पातळीवर याच कार्यक्रमाची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, जिथे ऐकणं, बोलणं, वाढ हे सगळं मोफत तपासतात. मुंबईत बांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे.

‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असा एक शब्द सध्या फिरतोय. वैद्यकीय निदानांच्या यादीत तो नाही. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, मोबाईलमुळे होत नाही. तिचं मूळ जन्माच्या आधीच्या जडणघडणीत असतं, आणि अशा मुलाच्या आईला ‘तूच मोबाईल दिलास’ म्हणणं क्रूर आहे. दुसऱ्या बाजूने, फार स्क्रीन बघणारं आणि फार कमी बोलणं ऐकणारं मूल वरवर तसंच दिसू शकतं, आणि स्क्रीन बंद होऊन माणसं समोर आली की झपाट्याने सुधारतं. कुठलं मूल कुठलं, हे तज्ज्ञांनीच ठरवायचं. मनगट धरून नेणारा तो मुलगा तपासून आला, कान चांगले होते. घरात मोबाईल बंद झाला, आजी काही महिने राहायला आल्या. दिवाळीनंतर एकदा त्याने फाटकातून आत शिरलेल्या कुत्र्याकडे बोट केलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका मुलाच्या घरी आईवडिलांनी सगळं तसंच केलं, आणि तरी निदान स्वमग्नतेचंच आलं. त्याचे उपचार तीन वर्षांच्या आत सुरू झाले याचं मला समाधान आहे. या दोन घरांपैकी एकाने जास्त चांगलं केलं असं मुळीच नाही.

‘मग मी स्वयंपाक कधी करू?’ हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. साधनं म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शंखशिंपले, बिया, पानं, खडे घेतले. स्वयंपाकघरात याहून जास्त आहे. कणकेचा लिंबाएवढा गोळा द्या. वाटाण्याच्या शेंगा द्या. दोन वर्षांचं मूल शेंग फोडायला बराच वेळ घेतं, ती फुटली की तुम्हाला दाखवायला येतं, फक्त दाणे तोंडात जात नाहीत इकडे लक्ष असू द्या. मोठ्या पातेल्यात थोडं पाणी आणि दोन वाट्या, खाली जुना टॉवेल. डब्यांची झाकणं आणि डबे, सगळे मिसळून. पसारा होतो. पोळ्या लाटता लाटता तुम्ही बोलत राहा, ‘हं, लाल झाकण. बसलं का? नाही बसत? हे बघ बरं.’ यातला प्रत्येक ‘हे बघ’ कामी येतो.

आणि मोबाईल सोडवायचा असेल तर सुरुवात जेवणापासूनच करा, बाकी वेळा नंतर. पहिले काही दिवस मूल आकांत करेल आणि कमी खाईल. वजन नीट असलेलं, ठणठणीत मूल चार दिवस कमी जेवल्याने आजारी पडत नाही. वजन आधीच कमी असेल तर डॉक्टरांना विचारून करा. त्याला वेगळं भरवू नका, सगळ्यांबरोबर बसवा, हाताने खाऊ द्या, अर्ध्या तासात ताट उचला. सोमवारी सुरू करायचं असेल तर रविवारी रात्रीच घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजोबांना, सांगून ठेवा. चार्जर जेवायच्या खोलीतून हलवा. जेवताना फोन वाजला तर तो वाजू द्या.